रिकामं ताट

समीक्षा उठायला लागली तशी साळूबाईनं तिची ओढणी मुठीत धरली.

"निघालीस तिकडं?"

"जाते आत्या. तुमचं जेवण झालं की."

"झालं व्हय? अजून ताक प्यायचंय मला."

समीक्षा पुन्हा खाली बसली. साळूबाईनं ताक चमच्यानं प्यायला घेतलं. एवढंसं ताक, पण सरता सरेना.

श्रावणात घाटाच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि साळूबाईचं जग खिडकीएवढं झालं. पोरगा वीरधवल फौजेत, पठाणकोटला. फोनवर म्हणायचा, "समीक्षा हाय न्हवं? मग मला घोर न्हाई." समीक्षा होतीही तशी. दवाखान्यातली ड्यूटी सांभाळून तिला अंघोळ घालायची, केस विंचरायची, वॉकर धरून चार पावलं चालवायची. भाकरी ऊन असतानाच ताट पुढ्यात यायचं. वाईच्या त्या आळीतल्या बायका म्हणायच्या, "साळूबाई, पोटची लेक करणार न्हाई एवढं करती गं."

पण खिडकीतून समोरचं निळं दार दिसायचं. दार रंगुबाईचं. बाई ख्रिस्ती, डावं अंग वाऱ्यानं गेलेलं. साळूबाईचा हात धुवून झाला की समीक्षा रिकामं ताट उचलून बाहेर पडायची आणि घटकेत त्या निळ्या दारात दिसायची. मग तिकडून बोलणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं. रंगुबाईची जीभ जड झालेली, तरी दिवेलागणीला ती गायची, आणि समीक्षा तिच्या अडखळत्या सुरात आपला सूर मिसळायची.

*दिव्यात गं वाती दोन, एक माझ्या उंबऱ्याची,*
*दुसरी मी जपते गं, पलीकडल्या दाराची.*

अंथरुणावर साळूबाई तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी कडेकडेनं करपत जायची. इथं समीक्षा कधी गायली? इथं काम, तिकडं गाणं. इथं गोळ्या, तिकडं गप्पा. झोपायलासुद्धा तिकडंच. का, तर रंगुबाईला रात्री कूस बदलून द्यावी लागते.

"मला न्हाई व्हय कूस?" एकदा ती म्हणाली.

"तुमी आता आपली आपण वळताय आत्या. त्यांना न्हाई जमत."

"सोंग हाय तिचं. अर्धं अंग गेलं, पण माणूस ओढून घ्यायला अर्धं बास झालं तिला."

समीक्षा रागावली नाही. ती कधीच रागवायची नाही, हेही साळूबाईला खुपायचं. आपल्या माणसावर माणूस रागावतं.

"शेजारच्या माणसाचं एवढं का करावं गं कुणी?" साळूबाईनं विचारलं.

समीक्षा तिच्या पायाला तेल चोळत होती. "देवानं आपल्याला आधी जीव लावला. आपण काय केलं म्हणून लावला? काहीच न्हाई. मग आपण तरी शेजाऱ्याला काय बघून लावायचा?"

"हे तिनंच शिकवलं तुला."

"व्हय," समीक्षा म्हणाली. "तिनंच शिकवलं."

साळूबाईनं पाय ओढून घेतला.

नाताळ जवळ आला. निळ्या दारावर कागदाची चांदणी लागली. आदल्या संध्याकाळी साळूबाईनं मनातली गाठ सोडली.

"उद्या दुपारी तिकडं जायचं न्हाई. माझ्यापाशी बसायचं. मी जेवल्याबिगर हलायचं न्हाई."

"तुमी जेवल्याबिगर मी कवा हललेय आत्या?"

"तसं न्हाई. शब्द दे."

समीक्षानं खिडकीतून एकवार समोर पाहिलं. "दिला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ती ताट घेऊन आली. नवी साडी, केसांत अबोली. ताटात पुलाव, मटणाचा रस्सा, दोन करंज्या.

"आज काय सण हाय व्हय माझा?"

"जेवायला सण कशाला लागतोय? घ्या, ऊन हाय तवर."

"भूक लागली की घेईन. तुला घाई हाय का?"

"न्हाई."

एक वाजला. दोन वाजले. साळूबाईनं माहेरच्या पाटणच्या गोष्टी काढल्या, कोयनेच्या पुराची काढली, वीरधवलच्या लहानपणीच्या खोड्या काढल्या. समीक्षा ऐकत होती, हुंकार देत होती, आणि मधूनच म्हणत होती, "एक घास तरी घ्या." साळूबाईला हवा होता तो घास हाच. तिच्यासाठी कुणीतरी असं अडून बसलेलं.

समोर रंगुबाई चाकाच्या खुर्चीत दारात येऊन बसली होती. मांडीवर पांढऱ्या रुमालानं काहीतरी झाकलेलं.

"काय गं झाकलंय तिनं?"

समीक्षानं मान वळवली. "असंल काहीतरी."

"लालूच दाखवतीय तुला. पण आज न्हाई म्हणावं."

रंगुबाईनं चांगला हात वर केला, हळूच हलवला. साळूबाईनं पडदा ओढून घेतला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, पण त्या एका ओढीनं तिला जेवल्यासारखं वाटलं.

चार वाजले. पाच वाजले. रश्श्यावर चरबीची पांढरी साय धरली.

दिवेलागणीला दारात चपला वाजल्या. समोरच्या घरून नानासो आले होते, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. त्यांनी टोपी काढून साळूबाईला नमस्कार केला. मग त्यांची नजर भरल्या ताटावर गेली.

"पोरी," ते समीक्षाला हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला घेरी आली. मांडीवरचं ताट अजून झाकलेलंच हाय. शेजारणीचं रिकामं ताट घरी आल्याबिगर ती कवा जेवलीय?"