सासूबाईंची पोतित्सा
पावला थोरल्या लेकीला घेऊन स्लोव्हेनियातून सीमा ओलांडून आली होती. धाकट्या मिलेनाच्या पोतित्सेला तिच्या इटलीतल्या सासरगावच्या जत्रेत बक्षीस मिळणार होतं. अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला हा गोड पाव पावलानेच लेकीला करायला शिकवला होता. व्यासपीठावरून मिलेना इटालियनमध्ये म्हणाली, "ही माझ्या सासूबाईंची कृती. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलीय." टाळ्या पडल्या. "काय म्हणाली गं?" पावलाने थोरलीला विचारलं. थोरलीने नजर चुकवली. "तुझंच नाव घेतलं, आई." पावलाने मान डोलावली. लहानपणी, तिच्या गावावर इटलीचं राज्य असताना, शाळेत छड्या खाऊन ती ही भाषा शिकली होती. पुढे कधी त्यातला एक शब्दही तिने तोंडातून काढला नव्हता. मिलेना बशी घेऊन आली. "आई, खा ना." पावलाने घास खाल्ला, मग इटालियनमध्ये म्हणाली, "छान झालीये. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा."