सभेत शोभतो तो

देवाशपथ सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा.

ग्रामसभेत भागू आपल्या आळीसाठी नळ मागायला उठली, तर शिकलेले सरपंच खेकसले, "सभ्य हा शब्द सभेवरनं आलाय. सभेत शोभतो तो सभ्य! तू जा, पायरीवर बस." पुरुष फिदीफिदी हसले.

भागूच्या मस्तकात तिडीक गेली. "चला गं बायांनो, आपण काही इथं शोभत नाही!" साठ बाया उठून पायरीवर बसल्या. पाटलांची म्हैससुद्धा त्यांच्यात येऊन बसली.

आत ग्रामसेवकानं डोकी मोजली. "कोरम भरत नाही. सभा रद्द!"

सरपंच दात-ओठ खात दारात आले. "बस झाला तमाशा. आत ये."

"आधी नळ लिहा, अण्णा. सभाच नाही, तर तुम्ही तरी कुठले सभ्य?"

नळ आला. म्हैस तेवढी माझ्या पदरची.