मालकाचा चेहरा

अहमदपूरच्या व्यंकटरावांनी आपल्या डाळमिलमध्ये स्मार्ट मशीन बसवली. कॅमेऱ्यात मालकाचा चेहरा दिसला तरच ती सुरू व्हायची. पहिला हंगाम बिनघोर गेला म्हणून व्यंकटराव नवस फेडायला तिरुपतीला गेले आणि केस, मिशी सगळं देऊन आले.

सकाळी मशीनपुढं उभे राहिले, तर पडद्यावर अक्षरं आली, 'अनोळखी माणूस'. दारात तुरीचे दोन ट्रक उभे. कंपनीला फोन लावला, तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नवा चेहरा नोंदवायला आधी जुना चेहरा दाखवा, सर."

व्यंकटराव डोकं धरून बसले. मिलमध्ये वीस वर्षं डाळ निवडणाऱ्या रुक्मिणबाई म्हणाल्या, "मालक, चौकात तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हाय की. त्यात केसं बी हायत अन् मिशी बी."

चौघांनी फ्लेक्स आणून कॅमेऱ्यापुढं धरला. मशीन लगेच सुरू झाली. पुढं तीन महिने रोज हेच चाललं.

केस, मिशा पहिल्यासारख्या वाढल्यावर व्यंकटराव मोठ्या ऐटीत स्वतः कॅमेऱ्यापुढं उभे राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली :



'चेहरा मालकाचाच आहे. पण फारच लहान आहे.'