लाल दुपट्टा

नाल्यापल्याड वाघाने एका बाईला धरल्यापासून गिरजा लेकीच्या डोक्याला लाल दुपट्टा बांधल्याशिवाय तिला तेंदूपाने तोडायला नेत नसे. दहावीला विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवलेल्या रिंकूने एका सकाळी तो सोडून सरळ आईच्या हातात दिला.

“लालले वाघ भेत नाई, आई. रेडिओची लहर तलावाएवढी लांब, एक्स-रेची पार बारीक. मधात आपला उजेड. त्यात निळ्याची लहर आखूड अन् लालची सगळ्यात लांब. ते लांब लहर वाघाच्या डोळ्याले हिरव्यापासून वेगळी ओळखताच येत नाई. त्याले हा दुपट्टा पाल्यासारखाच दिसते!”

“खरंच?”

“पुस्तकात हाय.”

गिरजाने दुपट्टा पुन्हा तिच्या डोक्याला गुंडाळला, गाठ करकचून आवळली.

“मंग त बेसच झालं. वाघाले दिसत नाई, अन् मले तू झाडीत कुठूनबी दिसते.”