उरलेल्या मोटरसायकलींची मोजदाद

हुदलीकरवहिनींनी ताडपत्री ओढली. यजमान गेल्यापासून त्यांची मोटरसायकल त्याच पुसतात. टाकी लखलखत होती, पण खाली इंजिनाची जागा रिकामी होती.

मी वही मिटली. या गाडीचा कारखाना कधीच बंद पडला, कागदही भंगारात गेले. गाड्यांच्या सांगाड्यांवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या नंबरावरून मी अंदाज बांधला होता, अठराशे निघाल्या असाव्यात. उरल्या किती, ते गावोगाव फिरून मोजतोय. गुडघे गेले, आकडा घटतोच आहे. बिनइंजिनाची गाडी मी मोजणीत धरत नाही. अशा नऊ खोडल्या.

“इंजिन कोणी नेलं?” मी कंटाळून विचारलं.

“तुम्हीच की, भाऊजी. ह्यांनी अंथरुणावरून दिलं तुम्हाला. म्हणाले, तुमच्या गाडीत तरी धावेल.”

वीस वर्षं झाली. मी साफ विसरलो होतो. माझीही गाडी याच कारखान्याची; त्या इंजिनावरच तर मी इथे मिरजेपर्यंत आलो होतो.

“आमची धरलीत ना?” ताडपत्री घालता घालता त्यांनी विचारलं.

“धरली.”

फाटकाबाहेर येऊन मी वही उघडली. इंजिन एक आणि गाड्या दोन. मी माझ्या गाडीचा नंबर खोडला, आणि तिलाच किक मारून घराकडे निघालो.