मक्याऐवजी नाचणी

हौशीरामला सहा महिने सक्तमजुरी झाली. पण ते आपण ऐकलंच नाही असं धरू.

सन चव्वेचाळीस. लोणावळ्याच्या एका हॉटेलात, दुपारच्या जेवणाआधी, अमेरिकन मेजरने पेला उजेडात धरला. समोर बटलर हौशीराम ट्रे घेऊन उभा. ट्रे हलत नव्हता, कारण त्याने तो पोटाला टेकवला होता. बाहेर व्हरांड्यात अबकारी जमादार कोंडाजी हॉटेलचा परवाना तपासायला येऊन बसला होता.

बाटली अस्सल केंटकीची. लेबल अस्सल, बूचही अस्सल. आतला माल मात्र भुशीच्या रानातल्या हिरी ठाकरणीचा. लढाईमुळे खरी बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, येईना, आणि मालकाने बजावलं होतं, साहेब नाराज झाला तर तू घरी. मोहाची वासानेच पकडली जाते, म्हणून हौशीरामने हिरीला धान्याची गाळायला सांगितलं. तिच्याकडे नाचणी अन् वरई होती. बियाण्याची, वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडलेली.

मेजरने घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"माझ्या आजोबांची भट्टी होती," तो म्हणाला.

हौशीरामला ही बातमी आवडली नाही.

"यात मका नाही."

"आसंल की सायेब. तळाला बसला आसंल."

दुसरा घोट. "धूर आहे. करपलेला पाव. आणि शेवटी ओली लोकर."

हौशीरामने ट्रे पोटाशी आणखी दाबला. हिरी आंबवणाचं मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवते, हे या माणसाला जिभेवर कळलं होतं.

"त्या अबकारीवाल्याला बोलाव. त्याला कळत असेल."

कोंडाजी आला. त्याने घोट घेतला आणि हौशीरामकडे पाहिलं. तो दर मंगळवारी हिरीकडे जप्तीला जायचा आणि जप्त माल तिथंच संपवून यायचा. हात तिचा होता, यात शंका नव्हती.

"काय, ओळखीची वाटते?" मेजरने विचारलं.

हौशीरामने ते मराठीत सांगितलं.

कोंडाजीने पेला हळूच खाली ठेवला. वळखली म्हणावं, तर कुठं प्यायलास हे आलंच.

"न्हाई बा. आमी गरीब मानसं, आमाला कुटली वळख. विलायतीच हाय ही."

"जमादाराची खात्री हाय, सायेब," हौशीराम म्हणाला.

मेजर खूश झाला. इतका, की त्याने कागद मागवला, तिथंच पत्र लिहिलं आणि उरलेल्या बाटलीसकट स्वतःच्या पेटीत कुलूपबंद केलं. पत्र केंटकीच्या कंपनीला होतं:

"सोबत आपल्याच मालाचा नमुना जोडला आहे. आपला नेहमीचा माल याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी याच भट्टीच्या शंभर पेट्या, धूर व ओली लोकर यांत काटछाट न करता, पलटणीस त्वरित पाठविण्याची तजवीज व्हावी, ही विनंती."