पंच्याची घडी

"आईच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम घाट उतरून आलोय," गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून त्याने सगळ्या पुरुषांना सांगितलं.

"असा मुलगा मिळायला नशीब लागतं हो!" एक म्हातारबुवा म्हणाले. त्या कौतुकात तास कसा गेला, त्याला कळलंच नाही.

आई बायकांच्या कुंडाबाहेर कट्ट्यावर बसली होती.

"बरं वाटलं ना गुडघ्यांना?"

"हो रे, अगदी मोकळे झाले."

"कसले मोकळे?" कंबरेत वाकलेली गुरवीण झाडता झाडता म्हणाली. "पायऱ्याच उतरवेनात त्यांना. लेकाला हाक मारते, बादलीभर पाणी आणून देईल म्हटलं, तर म्हणतात, 'नको, दमून आलाय तो.'"

त्याला मान वर करवेना. आईने मांडीवरच्या पंच्याची घडी आत्ता कुठे मोडली आणि त्याचं ओलं डोकं पुसायला घेतलं.